उत्तर न मागणारी तपासणी

डोक्यावर घट्ट बसणारी कापडी टोपी. तिच्यात इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूतले सूक्ष्म विद्युत संकेत टिपणाऱ्या चकत्या, प्रत्येकाखाली थोडी जेल. कानात आवाज येतोय: पा, पा, पा, पा... बा... पा, पा. समोर मूक चित्रपट चालू आहे. खुर्चीतल्या माणसाला एवढंच सांगितलंय, तुम्ही चित्रपट बघा.

पक्षाघातानंतर वाचाघात झालेल्या, म्हणजे बोलणं किंवा समजणं बिघडलेल्या माणसाची एरवीची तपासणी अशी नसते. "कंगवा दाखवा," म्हटलं की हात चमच्याकडे जातो. चुकलं कुठे? ध्वनीच नीट ओळखू आले नाहीत? शब्द ओळखला, पण अर्थ लागला नाही? की सगळं कळलं आणि हातच ऐकेना? घरचे मात्र धरून चालतात, यांना आता काहीच कळत नाही. त्या माणसावर याहून मोठा अन्याय नसेल.

१८७४ साली ब्रेस्लाऊमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, २६ वर्षांच्या डॉक्टर कार्ल वेर्निकेने असे रुग्ण वर्णन केले. बोलणं ओघवतं, पण ऐकलेलं उमगत नाही. इजा मेंदूत कुठे झाली, हे त्याला शवविच्छेदनातच पाहता येई.

१९७८ मध्ये फिनलंडच्या रिस्तो नाटानेन आणि सहकाऱ्यांनी मेंदूतली एक विद्युत लहर टिपली. एकसारख्या आवाजांत वेगळा आवाज आला, की सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास मेंदू दचकतो. ऐकणाऱ्याचं लक्ष नसलं तरी. ही लहर जेमतेम काही मायक्रोव्होल्टची. पापणी लवली तरी बुडून जाते. म्हणून आवाज शेकडो वेळा ऐकवायचे आणि सरासरी काढायची.

१९९३ मध्ये फिनलंडमधल्याच संशोधकांनी मोजक्या वाचाघातग्रस्तांवर हे करून पाहिलं. डाव्या मेंदूच्या मागच्या भागात इजा असलेल्यांचा मेंदू साध्या सुरातला फरक टिपत होता. 'अ', 'इ' असा भाषेतला स्वर बदलला, तेव्हा मात्र लहर उठली नाही. कान शाबूत होते, सूर कळत होता. निसटत होता तो भाषेतला ध्वनी. कंगवा आणि चमच्याच्या तपासणीत हे कधीच दिसलं नसतं.

अर्थासाठी लहर वेगळी, साधारण ०.४ सेकंदांनी येणारी. वाक्यात विसंगत शब्द आला की ती वाढते. आकलन फार खालावलेल्या रुग्णांमध्ये हा फरक क्षीण दिसतो.

बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात आता सुटे आवाज नाही, अख्खी गोष्ट ऐकवतात. बोलण्याच्या चढउताराला मेंदूची लहर किती साथ देते, ते मोजतात. पक्षाघातातून उठलेला माणूस लवकर दमतो, तेव्हा काही मिनिटांचं ऐकणं पुरेल का, हेही तिथे तपासलं जातंय. टोपी चढते. दिवा मंद होतो. गोष्ट सुरू होते.