सही केलेला रॉक फोटो घेताय? खालचा आकडा आधी वाचा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत माझ्या पाठीमागे भिंतीवर क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी दिसला आणि तुम्ही कमेंटमध्ये मूळ विषयच विसरलात. "दादा, पोस्टर कुठनं घेतलं?" अहो, पोस्टर नाही ते! प्रिंट आहे, म्हणजे निगेटिव्हवरून मोजक्याच काढलेल्या प्रतींपैकी एक. १९७४ सालच्या 'क्वीन टू' अल्बमचं कव्हर, अंधारातून वर आलेले चार चेहरे, फोटो मिक रॉकचा. आणि हो, आपल्या पाचगणीत शिकलेलाच तो फ्रेडी, दर वेळी आठवण करून द्यायची गरज नाही.

"सही फ्रेडीची आहे का?" नाही. सही फोटोग्राफरची असते. कागद? सिल्व्हर जिलेटिन म्हणजे डार्करूममध्ये केलेला, पिगमेंट म्हणजे इंकजेटवर काढलेला. दोन्ही चालतात. प्रिंट खरी असल्याचं सर्टिफिकेट घ्या. झालं, पुढे.

आता माझं डोकं फिरवणारी गोष्ट. प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर आकडा असतो, समजा ३१/५०, म्हणजे पन्नासातली एकतिसावी प्रिंट. सगळे ३१ वर अडकतात. "१/५० मिळाला तर भारी ना?" का भारी? निगेटिव्ह काय झिजतंय का? पहिला आणि एकतिसावा सारखाच. बघायचंय ते ५० कडे.

कारण ते पन्नास फक्त त्या साइझचे असू शकतात! माझी पहिली प्रिंट सोळा बाय वीस इंचाची. विकणारा म्हणाला, "फक्त पन्नास आहेत." मी हुरळलो. चार महिन्यांनी कळलं, तोच फोटो आणखी दोन साइझमध्ये आहे, एकात पंचवीस, एकात पंचाहत्तर. वर एपी, म्हणजे आर्टिस्ट प्रूफ, फोटोग्राफर स्वतःसाठी काढून ठेवतो त्या जादा प्रिंट, ते वेगळेच. पन्नासाचे झाले दीडशेच्या वर. माणूस खोटं बोलला नव्हता. मीच विचारलं नव्हतं.

एकानं लिहिलंय, "कोर्टात खेचायचं ना." खेचलं होतं एकानं! फोटोग्राफर विल्यम एगलस्टन, ज्याचा लाल छताचा फोटो बिग स्टार बँडच्या 'रेडिओ सिटी' अल्बमच्या कव्हरवर आहे, त्याच्या जुन्या निगेटिव्हवरून २०१२ मध्ये मोठ्या आकाराच्या नव्या डिजिटल प्रिंट निघाल्या. क्रिस्टीजच्या लिलावात ३६ प्रिंटचे जवळपास ५९ लाख डॉलर आले. जुन्या मर्यादित प्रिंट घेतलेला एक संग्राहक एगलस्टनविरुद्ध न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला. २०१३ मध्ये दावा फेटाळला. साइझ वेगळी, पद्धत वेगळी, म्हणजे ही नवी आवृत्ती. एवढे पैसेवाले, वकील लावणारे लोक हरतात, आपण कुठे?

आणि फोटोग्राफर गेल्यावर? सॅन क्वेंटिन तुरुंगात १९६९ साली कॅमेऱ्याला मधलं बोट दाखवणारा अमेरिकन गायक जॉनी कॅश आठवतोय? तो फोटो जिम मार्शलचा. मार्शल २०१० मध्ये गेला, मिक रॉक २०२१ मध्ये. आता त्यांच्या सह्या वाढणार नाहीत, पण प्रिंट वाढू शकतात. मागे वारस असतात, ते एस्टेट प्रिंट काढू शकतात. त्यावर फोटोग्राफरच्या सहीऐवजी एस्टेटचा शिक्का किंवा वारसाची सही असते. त्या खोट्या नाहीत हं! फक्त हयातीतल्या सहीच्या भावात घेऊ नका.

म्हणून पैसे पाठवायच्या आधी एक ईमेल टाका. सगळ्या साइझ मिळून किती? एपी किती? पुढे आणखी काढणार का? उत्तर लेखी घ्या. "काळजी करू नका" हे उत्तर नाही.

फ्रेमिंगचं शेवटी सांगतो, कारण राग येतो. तीच सोळा बाय वीसची प्रिंट मी फ्रेमवाल्याकडे दिली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर भाऊसाहेबांनी तयार फ्रेममध्ये बसावी म्हणून कटरनं पांढरी कड उडवलेली. वर मला म्हणतात, "साहेब, खाली कोणीतरी पेन्सिलीनं गिरगटलं होतं, तेपण काढलं."

अर्धा तास त्याच्या कचऱ्यात बसून शोधली. ही बघा, झिपलॉकच्या पिशवीत ठेवलीये, करंगळीएवढी पट्टी. ३१/५० आणि शेजारी सही.