कूलरची घरघर आणि चहाचा कप

नमस्कार मंडळी. मागे कूलरची घरघर ऐकू येत असेल, तेवढं सांभाळून घ्या. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना कूलर बंद करून व्हिडिओ करायची माझी तरी हिंमत नाही. आणि खरं सांगू? लिहिणाऱ्याला हा आवाज सोयीचाच. घरातून कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही. आली तरी 'कूलर चालू होता' म्हणता येतं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. इतका एकांत फुकटात कुठे मिळतो, बाप्पा?

मग लेखकाला माणसं लागतातच कशाला?

आपल्याच गावातले दोन कवी घ्या. सुरेश भट जन्माने अमरावतीचे, १९३२ सालचे, पुढे नागपूरकर झाले. त्यांनी मराठीत रुजवलेली गझल समोर माणूस नसेल तर अर्धीच राहते. मतला म्हणजे गझलेचा पहिला शेर, दोन ओळींचा. त्याच्या दोन्ही ओळींत काफिया, म्हणजे यमक जुळवणारा शब्द, आणि त्यामागे तीच ती रदीफ, म्हणजे जशीच्या तशी परत येणारी शब्दांची शेपटी. झालं, ऐकणाऱ्याच्या हातात किल्ली आली. पुढच्या शेरांत पहिली ओळ मोकळी. कवी ती दोनदा म्हणतो, मुद्दाम थांबतो. समोरचे मनातल्या मनात काफिया शोधू लागतात. तो सापडला की रदीफ अख्खी खोलीच म्हणते! श्रोता या रचनेतच बसवलेला आहे. नवीन लिहिणाऱ्यांसाठी भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. मला वाटतं, मैफलीत बसायचं म्हणजे आधी नियम ठाऊक हवेत, म्हणूनच.

दुसरे ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे. २०११ चे साहित्य अकादमी विजेते. त्यांची कविता ऐकून लगेच 'वाह' म्हणायला जावं, तर नेमकं कशाला म्हणायचं तेच कळत नाही. ती रात्री एकट्यानेच वाचायची, दोनतीनदा. पण गंमत बघा, हाच माणूस कॉलेजात मराठी शिकवायचा. पोरांनी भरलेल्या वर्गापुढे.

तेव्हा 'मी एकांतातला की माणसांतला' हा प्रश्न मला जरा फसवा वाटतो. माणसं कधी बोलवायची, हे महत्त्वाचं. माझ्यापुरतं सांगतो. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत मी कोणाला कथानकसुद्धा सांगत नाही. एकदा धरमपेठेतल्या टपरीवर सांगून बसलो होतो. चौघांना कथा आवडली. घरी आल्यावर लिहायला काही उरलंच नव्हतं.

आता पूर्ण लिहून झालं की त्याच चौघांना वाचून दाखवतो. त्यांचं मत मी फारसं मनावर घेत नाही, मित्र आहेत, 'मस्त' म्हणणारच. मी हात बघतो. मागच्या कथेत चौथ्या पानावर, वडील स्टेशनवर उतरतात तिथे, दोघांनी एकदमच चहाचा कप उचलला. एकाने पोह्यांवर आणखी तर्री मागितली.

ते पान आत्ता समोर आहे. कूलरमध्ये पाणी घालतो आणि बसतो.