दगड भरलेली मोरी

हा धोंड्यांचा खच नीट बघा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला हा माउंट हिगिनबॉथम. हिवाळ्यात इथलं सगळं बर्फाखाली जातं आणि खाली, धोंड्यांच्या फटींत, जेमतेम ४५ ग्रॅमचा एक जीव अंगाचं मुटकुळं करून महिनोन्‌महिने झोपतो. माउंटन पिग्मी पॉसम. कांगारूच्या गोतातला, मादीच्या पोटाला पिशवी असलेला. आधी फक्त जीवाश्मांतूनच माहीत होता. १९६६ साली जवळच्या माउंट हॉथमवर, स्कीवाल्यांच्या एका घरात चक्क जिवंत सापडला.

यांचं बिऱ्हाड दोन ठिकाणी असतं. माद्या वरच्या, चांगल्या खडकाळ जागेत कायमच्या. नर एरवी खालच्या उतारावर. वसंतात ते वर चढतात, जुगतात आणि पुन्हा खाली उतरतात. हे उतरणंच कळीचं. नर गेले की वरच्या फटी आणि तिथलं खाणं माद्यांना आणि पिल्लांना पुरतं.

मग मधून रस्ता गेला, स्कीसाठी उतार मोकळे झाले. गाडीखाली किती मेले, हा प्रश्न इथे दुय्यम. फटीफटीतून सरकणाऱ्या जिवाला उघडी जमीन म्हणजे कोल्ह्यामांजरांच्या तोंडी जाणं. नर उतरेनात. वर दाटी झाली आणि हिवाळ्यात माद्या जास्त दगावू लागल्या.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर रस्त्याखालून दोन मोऱ्या काढल्या, शेजारीशेजारी. माप ०.९ बाय १.२ मीटर. तिथवर पोचायला साठ मीटर लांबीचा, नरसाळ्यासारखा दगडी पट्टा रचला. मोरी नुसती पोकळ ठेवली असती, तर ती पुन्हा उघडी जमीनच झाली असती, फक्त छपराखालची. म्हणून आतही दगड भरले. तेही मोठे, बारीक खडी टाकली तर फटीच बुजतात, आणि पॉसमला रस्ता हवा असतो तो फटींचाच. भराव दोन्हीकडे मूळच्या खचाला भिडायला हवा. मध्ये चार पावलांची मोकळी जागा राहिली तरी सगळी मेहनत पाण्यात.

काम झाल्यावर दोन आठवड्यांतच पॉसम ये-जा करू लागले. पुढे हिवाळ्यात तगणाऱ्या माद्यांचं प्रमाणही सुधारलं.

लोकांनी या मोरीला नाव दिलं ‘प्रेमाचा बोगदा’. खरा उपयोग मात्र झाला तो नरांना वेळेवर घरी परतायला.