शॉकप वजन उचलत नाही, बाप्पा

नमस्कार मंडळी, रामराम. आज गाडीच्या शॉकपबद्दल बोलू. कागदावर शॉक अ‍ॅब्सॉर्बर लिहिलेलं असते, पण गॅरेजवर जाऊन तसं म्हटलं तर मिस्त्री आधी आपल्याकडं पाहते अन् मग हसते, म्हणून आपण आपलं शॉकपच म्हणू.

माझी गाडी बोलेरो, घरचीच, दारव्ह्याकडच्या रस्त्यांवर १ लाख ८४ हजार किलोमीटर झालेली. तिच्यात माय बसते, पोरं बसतात, लग्नसराईत नऊ-नऊ माणसं कोंबून बसतात अन् दिवाळीनंतर सीट पाडली की कापसाची गाठोडी बी बसतात. मागच्या साली शेगावला चाललो होतो, रस्ता डांबरी, खड्डा म्हणून नाही, तरी गाडी अशी वर-खाली वर-खाली की अकोला येईपर्यंत माय दोन हातांनी समोरची सीट धरून बसलेली, अन् मले म्हणते, "बापू, ह्यापेक्षा आपली बैलबंडी बरी व्हती."

आता खड्डा नाही तं गाडी उसळते काहून? आपली काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, वरचं डांबर तिच्यासंगं हलते, म्हणून आपल्या रस्त्यांले खड्ड्यांपेक्षा लाटा जास्त. खड्डा एकदा धक्का देऊन मोकळा होते, लाट मात्र गाडीले झोका देते, अन् तो झोका थांबवणं हेच शॉकपचं काम. वजन उचलणं हे त्याचं काम नाहीच मंडळी, ते काम पुढच्या स्प्रिंगचं अन् मागच्या पाट्यांचं, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं. पाळण्याले धक्का दिला की तो झुलतच राहते, कोणीतरी हळूच हात लावून थांबवावा लागते, तो हात म्हणजे शॉकप. आत तेल असते, तेलात बारीक भोकांचा पिस्टन चालते, तेल त्या भोकांतून जोर लावून जाते अन् गाडीचा झोका गरमी होऊन निघून जाते. लांब चाललेल्या गाडीचा शॉकप हात लावून पाहा, कोमट लागते.

हे मले तेव्हा समजत नव्हतं, म्हणून मी जी चूक केली ती सांगतो. गाडी मागून बसल्यासारखी दिसत होती, तं शहरातल्या एका दुकानदारानं मले 'डबल हेवी ड्यूटी' म्हणून कडक शॉकप गळ्यात मारले, म्हणे मागचं उचलून धरते. बसवले, पैसे दिले, घरी येऊन पाहतो तं गाडी जशीच्या तशी बसलेली, वरून ढुंगणाले दगड लागल्यासारखे धक्के. लाटांच्या रस्त्यावर तं अजून वाईट, काहून की फार कडक शॉकप चाकाले खाली यायलाच वेळ देत नाही, चाक अर्धं खाली आलं न आलं तं दुसरी लाट येते, मग तिसरी, असं करत करत गाडी खालीच दबत जाते अन् शेवटी रबर स्टॉपरवर धाडकन आपटते. आमचे मिस्त्री काका खाली वाकले, टॉर्च मारला, अन् म्हणाले पाटा बदल आधी, तुटलेला पाटा दिसत नाही का. दिसत होता, चांगला आडवा तुटलेला, मी खाली वाकून कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून पहिलं, शॉकप खरंच गेला का ते पाहा. खट्-खट् आवाज आला की लोक शॉकप बदलतात, पण तो आवाज बहुतेक वेळा बुशचा, म्हणजे जोडावरच्या रबराचा असते, नाहीतर लिंकचा, म्हणजे जोडणाऱ्या दांडीचा, मेलेला शॉकप पुष्कळदा गुपचूप मरते. गाडीचा कोपरा दाबून सोडायचा अन् किती झुलते ते पाहायचं, अशी जी पद्धत आहे ती पाट्याच्या बाजूले फारशी चालत नाही, पाटे एकमेकांवर घासून सोतःच झोका थांबवतात, त्यामुळं शॉकप मेलेला असला तरी गाडी शहाण्यासारखी उभी राहते. त्यापेक्षा टायरवर तळहात फिरवा, रबर सारखं न झिजता जागोजागी खोलगट झालं असन तं समजा चाक रस्त्यावर उड्या मारत होतं. रात्री समोरचा गाडीवाला उगाच डिपर देत असन तं तेही ध्यानात घ्या, तुमचा लाइट वर-खाली होऊन त्याच्या डोळ्यात जाते. अन् गळती, थोडा ओलसरपणा चालते, पण तेल अन् काळी धूळ मिळून नळीवर जाड लेप बसला असन तं फडक्यानं पुसा, पंधरा दिवस गाडी चालवा, परत पाहा. परत लेप दिसला की गेला.

काकांनी माझा जुना मागचा शॉकप काढून माझ्या हातात दिला. उभा धरून दांडा दाबला तं पहिले दोन बोटं तो नुसता पोकळ गेला, काहीच जोर नाही, मग 'पुचुक' असा आवाज अन् त्यानंतर कुठं तेल लागलं. तो पोकळपणा हातात जाणवला तेव्हा मले शेगावचा रस्ता आठवला.

बाहेरदेशातल्या कंपन्या ५० हजार मैल, म्हणजे साधारण ८० हजार किलोमीटर झाले की बदला म्हणतात. त्यांचे रस्ते त्यांच्यापाशी.

आता कोणता घ्यायचा. दुकानात दोन जातीचे मिळतात, एकात नळीत नळी असते, दुसऱ्यात एकच नळी. एका नळीवाल्यात गॅस लय जोरात भरलेला, टायरमध्ये आपण ३०-३५ हवा टाकतो, त्या मापानं तिथं ३००च्या वर, त्यामुळं तेलाचा फेस होत नाही, गरमीही लवकर बाहेर जाते. ऐकायले भारी आहे, पण त्याचा पिस्टन थेट बाहेरच्या नळीत चालते, गोटा उडून पोचा आला की पिस्टन अडकला अन् शॉकप बाद. शेताच्या वाटेवर गोटे काय विचारून उडतात का? दोन नळीवाला लहानसा पोचा सहन करते, अन् त्यातही कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला मिळते, आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हात तेल पातळ होऊन फेसाळते, ते त्यानं बरंच कमी होते. घरच्या गाडीले मी तोच घेईन, कंपनीनं दिला होता त्याच कडकपणाचा. रोज माल वाहायचा असन तं आधी पाटे, मग वाटलं तं शॉकप थोडा कडक. अन् तो जुन्यातच तेल भरून वेल्डिंग मारून देतो म्हणणारा असते ना, त्याच्याकडं जाऊ नका, दांड्यावरचं क्रोम खड्डे पडून गेलं असते तं तेल अडवणारं नवीन सील किती दिवस टिकन? गॅसवाल्याले तं वेल्डिंगचा गनच दाखवू नका, जीवावर येईन.

घेताना गाडीचं साल अन् चेसिस नंबर सांगून घ्या, बिल घ्या, अन् जुना-नवा बाजूबाजूले ठेवून पूर्ण उघडून लांबी मोजा. एका एक्सलवरचे, म्हणजे पुढचे दोन्ही नाहीतर मागचे दोन्ही, जोडीनंच बदला, एक नवा एक जुना असला तं ब्रेक मारल्यावर गाडी भलतीकडं पाहते.

बसवताना मिस्त्रीपाशी उभे राहा, तो रागावन, रागावू द्या. नवा दोन नळीवाला शॉकप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायचा, आडवा पडून पडून आत हवा चढलेली असते. दांडा पकडीनं धरायचा नाही, एक ओरखडा पडला की सील फाटलंच समजा. अन् बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकावर उतरवून, जॅकवर लटकलेली असताना आवळले तं रबर कायमचं पिळलेलं राहते अन् दोन-चार महिन्यांत फाटते. वॅगनआरसारख्या गाडीत पुढचा शॉकप स्टिअरिंगच्याच जोडणीत असते, तिथं काम झाल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावणं, केल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझ्या गाडीले आता पाटे नवे, शॉकप नवे, माय मागं बसून झोपते बी. टायर मात्र आधीच खोलगट झाले होते, ते काही भरून येत नाहीत, म्हणून ६०च्या वर गेलं की घूं-घूं आवाज अजूनही चालूच आहे. कापूस विकला की टायर. नमस्कार.