शेवटचा पिरॅमिड कुठे बांधला गेला?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय ‘इजिप्तचे पिरॅमिड’ असा छापला आहे. आधीच सांगून टाकतो, गिझाचा भाग मी भरभर उरकणार आहे आणि उरलेला सगळा वेळ तुम्हाला इजिप्तच्या दक्षिणेला, आजच्या सुदानमध्ये फिरवणार आहे. इजिप्तमध्ये लहानमोठे धरून शंभराच्या थोडे वर पिरॅमिड आहेत. सुदानमध्ये दोनशेहून जास्त. तरीही पिरॅमिड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंट, वाळू आणि गिझाचे तीन त्रिकोण, एवढंच येतं.

तर आधी इजिप्त. इ.स.पू. २६५०च्या सुमारास सक्कारा इथे जोसर राजासाठी सहा टप्प्यांचा दगडी पिरॅमिड उभा राहिला, साधारण ६२ मीटर उंच. नंतर स्नेफेरू नावाच्या राजाने अक्षरशः प्रयोग केले. त्याच्या दहशूरच्या एका पिरॅमिडचा उतार खाली ५४ अंशांचा आहे आणि मध्येच तो ४३ अंशांवर येतो. बांधता बांधता भार पेलेना, तडे जायला लागले, म्हणून वरचा भाग बसका केला. बांधकामाच्या मधोमध नकाशा बदललेला आजही उघड्या डोळ्यांनी दिसतो. अनुभवाचं हे गाठोडं स्नेफेरूचा मुलगा खुफू याला आयतं मिळालं, आणि त्याने १४६ मीटर उंचीचा, सुमारे तेवीस लाख दगडांचा पिरॅमिड उठवला.

हे परग्रहवासीयांनी बांधलं म्हणणारे फॉरवर्ड तुमच्याही फोनवर येत असतील. त्यावर मला एकच माणूस पुढे करायचा आहे. त्याचं नाव मेरेर. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर, वादी अल-जर्फ इथे, पिएर ताले या फ्रेंच संशोधकाच्या चमूला पपायरसचे तुकडे सापडले. जगात लिहिलेले इतके जुने पपायरस दुसरे माहीत नाहीत. त्यात या मेरेरची रोजनिशी आहे. हा सुमारे चाळीस माणसांच्या टोळीचा मुकादम. तुरा इथल्या खाणीतला पांढरा चुनखडक होडीत भरायचा, नाईलच्या पुराच्या पाण्यातून आणि कालव्यांतून गिझाला पोचवायचा, परत फिरायचं. दहा दिवसांत दोनतीन खेपा. आज कुठे मुक्काम, उद्या कुठे, वरचा साहेब कोण, शिधा किती आला. साहेब म्हणजे अंखहाफ, खुद्द खुफूचा सावत्र भाऊ. सगळा मजकूर इतका कोरडा सरकारी आहे की वाचताना हजेरीपत्रक चाळतोय असं वाटतं. मला तो गिझाच्या कुठल्याही गूढकथेपेक्षा जास्त थक्क करतो.

खुफूनंतर आकार कमी होत गेले. पुढे कच्च्या विटांचे गाभे आले, ते ढासळले. इ.स.पू. १५२५च्या आसपास अहमोस राजाने अबिदोसला पिरॅमिड बांधला, आणि इजिप्तच्या राजांनी बांधलेला तो शेवटचा. त्यानंतरचे फॅरो लक्सरपलीकडच्या डोंगरात, खडक कोरून गुपचूप पुरले जाऊ लागले. पिरॅमिड म्हणजे चोरांना लांबूनच दिसणारी पाटी, हे एव्हाना कळून चुकलं होतं.

राजांनी आकार टाकला, पण लोकांनी उचलला. हा दुवा बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकतात, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. डेर अल-मदिना हे राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव. या कारागिरांनी स्वतःच्या कबरींवर विटांचे छोटे पिरॅमिड बांधले. अरुंद, टोकदार, खड्या चढणीचे. त्या काळात दक्षिणेचा कुश देश, म्हणजे आजच्या सुदानचा उत्तर भाग, इजिप्तच्या ताब्यात होता, त्यामुळे तिथे नेमलेल्या अधिकाऱ्यांनीही तसलेच पिरॅमिड बांधले. अनिबाला आहेत, सोलेबला आहेत, नाईलच्या तिसऱ्या धबधब्याजवळ तोंबोसला आहेत. म्हणजे कुशच्या लोकांनी पिरॅमिड पाहिला तो खुफूचा नव्हे, अंमलदारांचा. म्हणूनच गिझाचा उतार ५२ अंशांच्या आसपास, तर सुदानमधला ७०च्या घरात. सुदानच्या पिरॅमिडांना ‘गिझाची फसलेली नक्कल’ म्हणणाऱ्यांनी मूळ भलतंच धरलं आहे.

आता जेबेल बरकल. नाईलच्या चौथ्या धबधब्याच्या खालच्या अंगाला वाळवंटात एकटाच उभा असलेला, शंभरएक मीटर उंचीचा सपाट माथ्याचा डोंगर. त्याच्या कडेला एक सुळका सुटा झालाय. बाजूने पाहिलं तर फणा काढलेल्या नागासारखा. फॅरोच्या कपाळावर असतो तो नाग. इजिप्शियनांनी ठरवलं की अमुन देव या डोंगराच्या पोटात राहतो. देऊळ बांधलं. पुढे त्यांची सत्ता आटली, सैन्य परत गेलं, देव मात्र तिथेच राहिला. काही शतकांनी कुशच्या राजांनी असा दावा मांडला की अमुनचं मूळ ठाणं आमच्याकडे, खरी पूजा आमच्याकडे, तेव्हा इजिप्तच्या गादीवर हक्कही आमचाच.

हा दावा तलवारीने सिद्ध केला तो पिये या राजाने. इ.स.पू. ७२८च्या सुमारास तो उत्तरेकडे निघाला. या मोहिमेचा १५९ ओळींचा शिलालेख १८६२ साली जेबेल बरकलला मिळाला. राजांचे विजयलेख एका साच्याचे असतात, अमक्याला मारलं, तमकं जाळलं. यात मात्र माणूस दिसतो. हर्मोपोलिसचा राजा निमलोत वेढ्यानंतर शरण येतो. पिये वाड्यात शिरतो. खजिना पुढे ठेवला जातो, राण्या-राजकन्या पुढे येतात, हा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सरळ तबेल्यात जातो. तिथे घोडे उपाशी. आणि तो निमलोतवर उखडतो: तू केलेल्या इतर कुठल्याही अपराधापेक्षा माझे घोडे उपाशी ठेवलेस हे मला जास्त लागलं! लेखाच्या शेवटी आणखी एक गंमत आहे. चार मांडलिक राजे मुजऱ्याला येतात, त्यांतल्या तिघांना वाड्यात प्रवेश नाही, कारण ते मासे खातात आणि मासे खाणारा अपवित्र. निमलोत मासे खात नसे, तो तेवढा आत गेला. समोर मालवणची मंडळी बसली आहेत, त्यांनी नाराज होऊ नये. सोवळं असं कुठेही निघतं.

पियेला जेबेल बरकलजवळच्या अल-कुरु इथे पुरलं, आणि त्याच्यावर पिरॅमिड उभारला. जवळजवळ आठशे वर्षांनी एका राजावर पिरॅमिड चढला. आकाराने किती? पाया सुमारे आठ मीटर. आज तोही उरलेला नाही, फक्त पायाचा चर दिसतो. पण खाली दफनकक्षात बघा. मध्ये दगडी ओटा आहे आणि त्याचे चारही कोपरे कापलेले आहेत. कशासाठी? खाटेचे पाय बसावेत म्हणून. मृताला खाटेवर निजवून पुरणं ही इजिप्तची रीत नाही. ती कुशची, केर्मा नावाच्या त्यांच्या जुन्या राजधानीत पिये जन्मण्याच्या हजारभर वर्षं आधीपासून चालत आलेली. वर इजिप्तचा पिरॅमिड, खाली घरची खाट. जवळच चोवीस घोड्यांच्या कबरी आहेत, चार रांगांत, घोडे उभे पुरलेले. पिये आणि त्याच्यानंतरच्या राजांचे.

इथे रचनेतला एक फरक सांगतो, आणि तुम्ही आज एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. खुफूने आपला पिरॅमिड स्वतः जिवंतपणी बांधवून घेतला. दफनकक्ष दगडांच्या राशीच्या आत. कुशमध्ये कबर जमिनीखाली खडकात, पूर्वेकडून उतरत जाणाऱ्या पायऱ्या. दफन झालं की पायऱ्या बुजवायच्या, आणि पूर्वेला पूजेची छोटी खोली बांधायची. ही खोली अनेक ठिकाणी त्या बुजवलेल्या पायऱ्यांच्याच वर आहे, म्हणजे बांधकाम राजा गेल्यानंतरचं. बांधणारा त्याचा वारस. कुशमधला पिरॅमिड बघताना आपण मेलेल्या राजाची ऐपत मोजत बसतो, पण तिथे दिसते ती बहुतेक वेळा पुढच्याची. त्याचा खजिना, त्याची निकड, आणि गादी आपलीच आहे हे चार लोकांत दाखवण्याची त्याची घाई.

तहार्का हा या घराण्यातला सर्वांत मोठा बांधकाम करणारा. इ.स.पू. ६९० ते ६६४. त्याने अल-कुरु सोडून नुरी निवडलं आणि तिथे सुदानमधला सर्वांत मोठा पिरॅमिड झाला, पाया जवळपास ५२ मीटर. आत हजारावर दगडी शाब्ती बाहुल्या मिळाल्या, म्हणजे परलोकात राजाच्या वाट्याचं काम करायला ठेवलेले नोकर. त्याच्याच हयातीत असीरियन फौजांनी मेम्फिस घेतलं, आणि इ.स.पू. ६६३मध्ये थीब्स लुटलं गेलं. कुशचे राजे मायदेशी परतले ते कायमचे. गंमत बघा, इजिप्त गेलं तरी पिरॅमिड सुटला नाही. नुरीला पुढची तीनशेहून जास्त वर्षं राजे पुरले जात राहिले. आज तिथल्या काही कबरींत भूजल चढलं आहे. नास्तासेन राजाच्या कबरीत पुरातत्त्वज्ञांना पाणबुड्यांसारखं नळी तोंडात धरून उतरावं लागलं.

त्यानंतर दफनं आणखी दक्षिणेला, मेरोए या राजधानीजवळ. फोटोत तुम्ही पाहिले असतील ते, टेकडीवर दाटीवाटीने उभे असलेले टोकदार पिरॅमिड, ते हेच. उंची सहा मीटरपासून तीसपर्यंत. इतक्या खड्या चढणीवर दगड कसे चढवले? जर्मन वास्तुतज्ज्ञ फ्रिडरिश हिंकेल यांनी इथे अनेक वर्षं काम केलं. काही पिरॅमिडांच्या मधोमध त्यांना देवदाराच्या उभ्या खांबाच्या खुणा मिळाल्या. नाईलकाठचे शेतकरी पाणी उपसायला खांबावर आडवा दांडा बांधतात, एका टोकाला वजन आणि दुसऱ्याला बादली. तेच यंत्र, बादलीच्या जागी दगड. खांब मध्यभागी असला की दांडा चारी बाजूंना फिरतो. पण दांड्याची पोच ठरलेली, त्यामुळे पाया फार रुंद करता येत नाही. पिरॅमिड सडपातळ का राहिले याचं निम्मं उत्तर या दांड्यात आहे.

मेरोएला राण्याही राज्य करत. त्यांना ‘कंदाके’ म्हणत. इ.स.पू. २५च्या सुमारास यांच्या सैन्याने रोमनांच्या ताब्यातलं आस्वान लुटलं आणि सम्राट ऑगस्टसचे पुतळे पळवले. स्ट्रॅबो या लेखकाने त्या राणीचं वर्णन ‘एका डोळ्याने आंधळी’ असं केलं आहे. ती अमानीरेनास असावी असं मानतात. रोमनांनी चाल करून जेबेल बरकलजवळच्या नापाता शहराचा विध्वंस केला. पण शेवटी सामोस बेटावर तह झाला तेव्हा ऑगस्टसने खंडणी माफ केली. १९१० साली मेरोएला एका देवळाच्या उंबऱ्याखाली त्याच ऑगस्टसचं काशाचं मस्तक सापडलं, घातलेले डोळे शाबूत. येणारा-जाणारा प्रत्येक जण सम्राटाच्या डोक्यावर पाय देऊन आत जावा, अशी ती सोय होती. आता ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

याच मेरोएला १८३४मध्ये जुझेप्पे फेर्लिनी नावाचा इटालियन डॉक्टर पोचला. पेशा डॉक्टरकीचा, पण डोक्यात सोनं. त्याने अमानीशाखेतो राणीचा पिरॅमिड वरून पाडायला घेतला. त्याच्या तेरा-चौदा वर्षं आधी फ्रेंच प्रवासी कायो याने त्याच जागेची चित्रं काढली होती, त्यात हा पिरॅमिड जवळपास धड आहे. आज त्याचा बुंधा उरलाय. फेर्लिनीला सोनं मिळालं, हीच शोकांतिका. कडी, अंगठ्या, देवतांच्या मुखवट्यांची पदकं. घेऊन तो पळाला, आणि युरोपात आल्यावर पुष्कळांना ते बनावट वाटलं, कारण आफ्रिकेत इतकं नाजूक काम होऊ शकतं हेच त्यांना पटेना! खजिना माथ्याजवळच्या कोठडीत मिळाला असं त्याने सांगितलं. तो बहुधा खाली, कबरीतच होता. पण ऐकणाऱ्यांनी माथे फोडायला सुरुवात केली.

जॉर्ज राइझनर हा अमेरिकन पुरातत्त्वज्ञ याच्या अगदी उलट, कमालीचा शिस्तीचा. १९१६पासून त्याने नुरी, अल-कुरु, मेरोए पद्धतशीर खणलं आणि राजांचा क्रम लावला, आजही त्याच्या नोंदींवाचून पान हलत नाही. पण हे राजे मूळचे काळे आफ्रिकी नसणार, लिबियाकडून आलेले गोरट वंशाचे असणार, असं त्याने ठरवून टाकलं. समोर पुरावा असताना माणूस आपल्या काळाचा चष्मा उतरवत नाही. अचूक मोजमाप घेणाऱ्याचं अनुमान आपण न तपासता गिळतो, म्हणून मला फेर्लिनीच्या कुदळीइतकीच राइझनरच्या या निष्कर्षाची धास्ती वाटते.

इ.स. ३५०च्या आसपास मेरोएचं राज्य संपलं आणि पिरॅमिड बांधणंही थांबलं. पियेपासून धरलं तर हजार वर्षांहून अधिक.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: ‘भारताचा काही संबंध?’ नाका इथल्या सिंहमंदिरात अपेदेमक देव आहे, सिंहाच्या तीन तोंडांचा आणि चार हातांचा. तो पाहून आपल्याला नरसिंह आठवणं साहजिक आहे, आणि काही विद्वानांनी भारताचा प्रभाव सुचवलाही होता. ठोस पुरावा नाही. मी त्या वाटेला जात नाही.

दुसरी: ‘त्यांची लिपी वाचता येते का?’ वाचता येते. ग्रिफिथ या इंग्रज विद्वानाने शंभरएक वर्षांपूर्वी अक्षरांचे उच्चार लावले. भाषा मात्र पुरती कळलेली नाही. कबरींच्या दगडांवर तीच प्रार्थना पुन्हापुन्हा येते, म्हणून ‘पाणी’ आणि ‘भाकरी’ हे शब्द पक्के माहीत आहेत. लांबलचक शिलालेखांपुढे अजून सगळे अडतात.

तिसरी: ‘सहल निघते का?’ एप्रिल २०२३पासून सुदानमध्ये युद्ध पेटलं, खार्टुमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. तेव्हा सध्या तरी कुणी पैसे गोळा करायला लागलं तर देऊ नका. नुरीच्या शाब्ती बघायच्या असतील तर बोस्टनला आहेत. अमानीशाखेतोचे दागिने निम्मे म्युनिकला आणि निम्मे बर्लिनला. दोन्हीकडे वेगळं तिकीट काढावं लागतं.