पिशवी गळावी तरी किती?

श्रोतेहो, नमस्कार. केमोथेरपीच्या वॉर्डात जाऊन आलेल्यांनी लालभडक औषधाची सलाईन पाहिली असेल. ते डॉक्सोरुबिसिन. कॅन्सरच्या पेशी मारतं, पण हृदयालाही इजा करतं. म्हणून ते स्निग्ध पदार्थांच्या इवल्या पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये भरायची युक्ती निघाली. 1995 साली अमेरिकेत असं औषध, डॉक्सिल, मंजूर झालं. त्याच्या दहा हजार पिशव्या ओळीने मांडल्या तर जेमतेम मिलिमीटरभर होतील.

पिशवीची भिंत फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराची. या रेणूंना, तूप-तेलातल्या रेणूंसारख्याच, कार्बनच्या लांब साखळ्या असतात. ती किती गळते, हे त्या रेणूंवर ठरतं. थंडीत तूप थिजतं, शेंगदाण्याचं तेल सहसा थिजत नाही. तुपातल्या बऱ्याच साखळ्या सरळ, त्यामुळे दाटीने बसतात. तेलातल्या बहुतेक वाकड्या, त्यांच्यात फटी राहतात. भिंतीचंही तेच. डॉक्सिलसाठी सोयाबीनच्या लेसिथिनला, म्हणजे त्यातल्या फॉस्फोलिपिडला, हायड्रोजन देऊन या साखळ्या सरळ करतात. अशी भिंत 50 अंश सेल्सिअसच्या पुढेच वितळते.

गंमत अशी, की सगळ्यात जास्त गळती होते ती ऐन वितळताना. थिजलेले आणि पातळ झालेले तुकडे शेजारी-शेजारी येतात आणि त्यांच्या सांध्यांतून औषध निसटतं. तिथे उपयोगी पडतं कोलेस्टेरॉल. हो, तेच, ज्याच्या नावाने डॉक्टर आपल्याला दम भरतात! ते सैल भिंत आवळतं, ताठ भिंत जरा मऊ करतं, आणि वितळण्याचा तो ठळक टप्पाच पुसून टाकतं. डॉक्सिलच्या भिंतीत शंभरातले सुमारे 38 रेणू कोलेस्टेरॉलचे असतात.

मग भिंत घट्टच करत सुटावं का? मुळीच नाही. सिसप्लॅटिन हे दुसरं औषध अशाच पक्क्या पिशव्यांत भरलं होतं. पिशव्या गाठीपर्यंत पोचल्या, पण औषध आतच अडकून राहिलं. गुण येणार कुठून?

2012 साली अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स तिथे मागवलं गेलं. पण डॉक्सिलची नक्कल करायची तर घटक जुळवून भागत नाही. दोन्ही पिशव्या सारख्याच गळतात का, हेही तपासायला तिथलं औषध प्रशासन सांगतं: 37 अंशांना रक्तद्रवात, आणि पुढे तापवत तापवत थेट 57 अंशांपर्यंत.