आक्कांचे प्रश्न आणि बारा वर्षांचा करार

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणात ख्रिस्ती माणसं थोडी, पण त्यांच्या संस्था बऱ्याच. 1823 साली स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले. पुढे हर्णै, रत्नागिरी, वेंगुर्ला अशी किनाऱ्यानं मिशनची कामं उभी राहिली. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, वसतिगृहं निघाली. साहेब लोक गेले, संस्था राहिल्या. त्या चालवायची जबाबदारी आली तुमच्या-माझ्यासारख्यांवर. कोणी निवृत्त मास्तर, कोणी बँकेतला, कोणी एसटीतला. रविवारी उपासना आटोपली की पाळकसाहेब हळूच बाजूला घेतात आणि म्हणतात, "तुमचं नाव ट्रस्टवर सुचवलंय, नाही म्हणू नका." आपणही नाही म्हणत नाही. मग शाल मिळते, गुच्छ मिळतो, ग्रुपवर फोटो पडतो. काम काय करायचं, ते मात्र कोणी सांगत नाही.

शालीचं मला कधी कळलेलं नाही. आपल्याकडे थंडी पडते ती चार दिवस. सत्कार करायचाच तर माणसाला चांगली छत्री द्या, तीन-चार महिने तुमची आठवण काढेल. असो.

तर ट्रस्टीचं काम. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो आणि पुन्हा सांगणार आहे: जाऊन बघितल्याशिवाय सही करायची नाही. आपल्या संस्थेचा ट्रस्ट डीड, म्हणजे स्थापनेचा दस्त, कुठे आहे, त्यात हेतू काय लिहिलाय, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या शेड्युल वनवर, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्यावर, कोणती मिळकत चढलेली आहे, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 सालचा आहे. त्या कायद्यानं हिशेब ठेवणं, ते दरवर्षी तपासून घेणं ही ट्रस्टींची जबाबदारी आहे, आणि हयगय केली तर ट्रस्टीला काढून टाकता येतं. "मला ठाऊक नव्हतं, खजिनदार बघायचे," हे उत्तर तिथे चालत नाही. कायद्याचं एवढं पुरे.

आता आक्कांची गोष्ट. खरं सांगायचं तर हीच सांगायला मी आलोय.

दापोलीच्या बाजूला खाडीकाठी एक वसतिगृह आहे. नाव सांगत नाही. आजूबाजूच्या वाड्यांतली पोरं राहतात, शाळा शिकतात. मी तिथे चिटणीस होतो. संस्थेचं उत्पन्न म्हणजे थोड्या देणग्या आणि मागच्या उतारावरची हापूसची बाग. बाग दरवर्षी कराराने जायची. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तुम्हा सगळ्यांच्या लक्षात असेलच. वसतिगृहाचे पत्रे कागदासारखे उडाले आणि बागेतली बरीच कलमं आडवी झाली.

गणपती होऊन गेल्यावर सभा भरली. एकेक बाक सोडून बसलो होतो, तोंडाला मास्क. विषय एकच, छप्पर. नेहमी बाग घेणारे जे व्यापारी, ते आमच्या खजिनदारांचे सख्खे मेहुणे. त्यांनी तोडगा काढला होता. बाग बारा वर्षांसाठी त्यांना द्यायची, सगळे पैसे एकरकमी, आत्ता. त्या पैशात छप्पर होऊन वर थोडे उरणार होते. कराराचा मसुदा टाइप होऊन आलेला, सह्यांपुढे पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत त्या मेहुण्यांसाठी आभारही मानून टाकले.

इथे जरा थांबतो. सभेआधी प्रार्थना हवीच. पण काही मंडळी विषयपत्रिकाच प्रार्थनेत उरकतात. 'हे प्रभू, या चांगल्या ठरावाला कोणी आडवं येऊ नये' अशा सुरात प्रार्थना झाल्यावर पुढे तोंड उघडणारा माणूस देवाच्याच विरोधात उभा राहिल्यासारखा दिसतो. हे बरं नव्हे.

आमच्यात एक आक्का होत्या. मिरजेच्या मिशन इस्पितळात नर्सिंग शिकलेल्या, पुढे गावोगावच्या दवाखान्यांत नोकरी केलेल्या. सभेत फारशा बोलायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांच्या पिशवीतून लाल नाड्याचं एक रीळ बाहेर डोकावत होतं, ते मला दिसलं होतं. मला वाटलं शिवणकाम असेल.

आक्का म्हणाल्या, "प्रार्थना झाली ना? मग मी विचारते. या कागदात आंब्याची कलमं किती धरली आहेत?"

खजिनदार म्हणाले, "चाळीस. बाकीची गेली वादळात."

"तुम्ही मोजलीत?"

"मेहुण्यांनी मोजली."

"मी काल मोजली. मोजलं ते झाड परत मोजायला नको म्हणून प्रत्येकाला नाडा बांधत गेले. त्रेपन्न भरली."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. खजिनदारांनी समजावलं की आडवी झालेली झाडं हिशेबात धरत नाहीत. त्यावर आक्का शांतपणे म्हणाल्या, "आपल्याच पोरांनी ती उभी करून टेकू दिलेत. तेरा झाडांना पालवी फुटलीय. पालवी फुटलेल्या झाडाला मेलेलं कसं म्हणायचं?"

मग दुसरा प्रश्न. "कल्टार कोण घालणार?"

बागायतदार श्रोत्यांना कल्टार सांगायला नको. ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात झाडाच्या मुळाशी हे औषध देतात, मोहोर लवकर आणि हमखास येतो. कृषी विद्यापीठानं झाडाच्या घेरानुसार प्रमाण ठरवून दिलंय. कराराने बाग घेणारा मात्र पुष्कळदा हात सैल सोडतो, कारण त्याला हवा असतो त्याच्या वर्षांतला आंबा. प्रमाणाबाहेर घातलं की झाड दमतं, फुटवा आखूड येतो. आक्कांनी मसुदा उलटसुलट करून दाखवला. कल्टारचं एक अक्षर त्यात नव्हतं. "बारा वर्षं हे ओततील. तेराव्या वर्षी आपल्याकडे काय येणार, लाकडं?"

आणि तिसरा प्रश्न, ज्यानं सभा पेटली. त्या खजिनदारांकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, विषय तुमच्या मेहुण्यांचा आहे. तो चालू असताना तुम्ही जरा पडवीत बसता का?"

श्रोतेहो, भाऊ तांबडे-लाल झाले. वीस वर्षं पै न पै सांभाळलेला माणूस. मला म्हणाले, "लिहा प्रोसिडिंगात, खजिनदारांचा अपमान झाला." मी लिहिलं, "खजिनदार सदर विषयापुरते सभेबाहेर गेले." ते पडवीत गेले खरे, पण खिडकी उघडी, बाकडं बरोबर खिडकीखाली. आत आकडा निघाला की बाहेरून खोकला यायचा. चाळीस म्हटलं की खोकला नाही, त्रेपन्न म्हटलं की खोकला. शेवटी पाळकसाहेबांनाही हसू आवरेना.

आमच्यातल्या एका वकील सभासदांनी तेवढ्यात मसुदा हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. ट्रस्टची शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. बिनशेती जमीन किंवा इमारत असेल तर तीन वर्षांच्या वर लागते. कलम 36. मंजुरीशिवाय केलेला पट्टा कायद्यानं टिकतच नाही. मसुद्यात आंब्याबरोबर जमिनीचा ताबाही लिहिलेला, म्हणजे तो पट्टाच. मंजुरीचा अर्ज करायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बारा वर्षांचा विषय तिथेच संपला. ठरलं असं की बाग एकाच हंगामासाठी द्यायची, फलकावर नोटीस लावायची, बंद पाकिटं मागवायची, झाडं त्रेपन्न धरायची, कल्टारचं प्रमाण करारात लिहायचं. तीन पाकिटं आली. सर्वांसमोर फोडली. सगळ्यात वरचा आकडा कोणाचा निघाला? त्याच मेहुण्यांचा! बाग त्यांनाच गेली, आधीपेक्षा चढ्या भावानं. आणि बाजारात कोणाला कुजबुजायला जागा राहिली नाही. पुढच्या सभेला भाऊ स्वतःहून उठले, पाकिटं फोडायच्या आत पडवीत जाऊन बसले. छप्पर वसतिगृहाच्या जुन्या मुलांनी वर्गणी काढून घातलं. ती रक्कम छपराच्या नावानं वेगळी ठेवली, पगार थकले होते तरी तिला हात लावला नाही.

म्हणून परत सांगतो, जाऊन बघितल्याशिवाय सही करायची नाही. बाग असो, पत्रे असोत, बँकेचं पासबुक असो. पासबुक मागितलं तर खजिनदाराला राग येईल, येऊ द्या. बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो, तेव्हा पैसे एकटा नेत नाही. मंडळ्यांनी, म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चनी, निवडलेली माणसं बरोबर घेतो, आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून. पौलाला जर हे लागत होतं, तर आपल्या भाऊंनी रुसायचं कारण नाही. आणि येशूच्या बारा शिष्यांत पैशाची थैली दगा देणाऱ्या यहूदाकडेच होती, तेही जरा आठवा.

दुसरं, संस्थेचा हेतू. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. त्यांच्या सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे होते, आमच्या मालवणात जन्मलेले रामकृष्णपंत भांडारकर होते. मोठी माणसं, शुद्ध हेतूची. पैसा येत होता अमेरिकेतून. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातंय का, यावरून वाद झाला आणि 1893 साली ही मंडळी बाहेर पडली. कोण बरोबर कोण चूक यावर आजही वाद घालता येईल, आपल्याकडे वाद घालायला माणसं कमी नाहीत. मला दिसतं ते एवढंच की धर्माच्या बाबतीत सदनाची हद्द कुठवर, याची प्रत्येकाची समजूत वेगळी होती. तुमच्या मंडळात एक दिवस सगळ्यांनी बसून हेतूचं कलम मोठ्यानं वाचा. वसतिगृह सर्व जातिधर्मांच्या पोरांसाठी आहे की नाही, उपासनेला येणं ऐच्छिक आहे की नाही, ते उघड बोला. आणि मुंबईहून फक्त वार्षिक सभेला येणाऱ्या चाकरमानी ट्रस्टींनाही ते ऐकवा. हल्ली ते महामार्गाच्या खड्ड्यांवर अर्धा तास बोलतात. त्यांचं म्हणणं खरं आहे, पण तो विषय पत्रिकेवर नसतो.

परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांनी जास्त सावध राहायला हवं. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्याच खात्यात यावा लागतो, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चावर 20 टक्क्यांपेक्षा जास्त वापरता येत नाही. शेजारच्या मंडळीला अडचण होती म्हणून त्यातून दिले, हे प्रेमाचं काम असेल, पण कायद्यात बसत नाही.

आणि हो, बदल अर्ज. एखादा ट्रस्टी वारला, राजीनामा दिला, नवा आला, तर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात कळवायचं असतं. पुष्कळ संस्थांच्या रेकॉर्डवर अजून कबरस्तानातली मंडळी ट्रस्टी आहेत. सोमवारी कार्यालय उघडलं की आपल्या संस्थेचा उतारा मागून घ्या आणि त्यातल्या नावांपैकी हयात कोण आहे ते तपासा. वेळ संपल्याची खूण समोरून झाली आहे, तेव्हा थांबतो. नमस्कार.